रूटचा अधिकार

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणे आणि ती सांभाळणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमात त्या बहुधा एकाच विषयाच्या पोटात कोंबल्या जात असल्यामुळे दुसरीच्या वाट्याला नेहमीच अपुरा वेळ येतो. वापरणाऱ्याला यंत्र चालू असले की पुरते. सांभाळणाऱ्याला, म्हणजे प्रशासकाला, मात्र ते कोणासाठी चालू आहे, कोणाला त्यातले काय पाहता येते, कोणती सेवा कधी सुरू झाली आणि का बंद पडली, डिस्कवर किती जागा उरली आहे, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तर आज केलेले बदल उद्या टिकतील का, या सर्व प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनांच्या पदविकेपासून अभियांत्रिकी, बीएस्सी आणि एमसीएच्या वर्गांपर्यंत ही विद्या मुख्यतः लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधारे शिकवली जाते. मुक्तस्रोत म्हणजे जिचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेल्या रूपात पुढे वाटताही येतो. या विषयाची खरी अडचण अशी की प्रशासन अधिकाराशिवाय शिकता येत नाही, आणि अधिकार देणे हीच गोष्ट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला सर्वांत जड जाते.

लिनक्सचे घराणे युनिक्सचे, आणि त्या घराण्याचा बराचसा इतिहास विद्यापीठांतच घडला. 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, 1973 मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला, आणि पुढे ती विद्यापीठांना मूळ प्रोग्रॅमसह मिळू लागली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवणारे जॉन लायन्स यांनी 1976 मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा दहा हजार ओळींच्या आत मावणारा गाभा छापून, त्यावर सविस्तर भाष्य लिहून, तो विद्यार्थ्यांच्या हाती दिला. खरोखर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम अथपासून इतिपर्यंत वाचण्याची अशी संधी विद्यार्थ्यांना त्यापूर्वी क्वचितच मिळाली असेल. परंतु 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ प्रोग्रॅम वर्गात शिकवण्यास मनाई केली, आणि लायन्स यांचे भाष्य 1996 मध्ये रीतसर पुस्तकरूपाने निघेपर्यंत छायाप्रतींच्या रूपातच हातोहात फिरत राहिले. या मनाईवर तोडगा म्हणून ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी 1987 मध्ये खास शिकवण्यासाठी मिनिक्स ही छोटी प्रणाली लिहिली, आणि त्यांचे पुस्तक वाचून, मिनिक्स स्वतःच्या 386 संगणकावर चालवून पाहणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने 1991 मध्ये आपला स्वतंत्र गाभा जाहीर केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून शेल, कंपायलर आणि फाइली हाताळण्याच्या कमांड आधीच तयार होत होत्या; 1992 मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या गाभ्याला ग्नूचाच परवाना लावल्यावर दोहोंचा मेळ पक्का झाला. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी प्रशासक रोज वापरतात ते एसएसएच हे साधनही हेलसिंकीच्याच तंत्र विद्यापीठातले असून, तिथल्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर 1995 मध्ये तातू युलोनेन यांनी ते लिहिले.

या इतिहासाचा अभ्यासक्रमाशी थेट संबंध आहे, कारण ज्या प्रणालीचा परवाना वर्गात उघडून दाखवण्यास हरकत घेत नाही, तीच प्रणाली विद्यार्थ्याच्या हाती पूर्णपणे सोपवता येते. सोपवण्याचा हा व्यवहार लिनक्समध्ये एका विशिष्ट खात्याभोवती फिरतो. प्रत्येक वापरकर्त्याला प्रणाली एक क्रमांक देते, आणि ज्याचा क्रमांक शून्य त्याला रूट म्हणतात. फाइलींवरील परवानग्यांचे जे नियम इतरांना बांधून ठेवतात, ते रूटला अडवत नाहीत. रोजचे काम रूट म्हणून करू नये, साध्या खात्यातून करावे आणि गरज पडेल तेवढ्याच कमांडपुरता अधिकार सुडो या साधनाद्वारे मागून घ्यावा, ही शिस्त पहिल्याच आठवड्यात लावावी लागते. अनेक यंत्रांवर सुडो पहिल्यांदा वापरताना पडद्यावर एक छोटी समज उमटते, जिचा आशय असा की इतरांच्या खासगीपणाचा आदर करा, टंकण्याआधी विचार करा आणि मोठ्या अधिकारासोबत मोठी जबाबदारी येते याचे भान ठेवा. या विषयाची इतकी नेमकी प्रस्तावना पाठ्यपुस्तकांतही सहसा सापडत नाही.

परवानग्यांचा धडा मात्र जितका सोपा वाटतो तितका नाही, आणि तो घाईने उरकला जाणे ही अभ्यासक्रमाची मोठी हानी आहे. प्रत्येक फाइलीला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे अशा तीन परवानग्या असतात, आणि त्या 4, 2 व 1 या अंकांच्या बेरजेने लिहिल्या जातात, म्हणून 644 याचा अर्थ मालकाला वाचण्या-लिहिण्याची आणि बाकीच्यांना फक्त वाचण्याची मुभा, एवढे विद्यार्थी एका तासात पाठ करतात. त्यानंतर त्यांच्यापुढे एक साधा प्रयोग ठेवावा: रूटच्या मालकीची, इतर कोणालाही लिहिण्याची परवानगी नसलेली एक फाइल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवून ती त्याला पुसायला सांगावी. फाइल पुसली जाते, आणि बहुतेकांना तो दोष वाटतो. वास्तविक डिरेक्टरी म्हणजे नावे आणि त्या नावांपुढे आयनोडचे क्रमांक मांडणारी एक यादी असते, आयनोड म्हणजे फाइलीचा मालक, आकार, परवानग्या आणि डिस्कवरील जागा यांची नोंद, आणि फाइल पुसणे म्हणजे यादीतील एक ओळ खोडणे. ज्याला यादीत लिहिण्याचा अधिकार आहे त्याला ओळ खोडण्याचाही आहे, मग फाइल कोणाचीही असो. सर्वांना लिहिता येणाऱ्या टेम्प डिरेक्टरीत लोकांनी एकमेकांच्या फाइली पुसू नयेत म्हणून तिला आणखी एक चिन्ह, स्टिकी बिट, का लावलेले असते, हे इथून आपोआप उलगडते, आणि परवानगीची कोणतीही अडचण 777 टंकून सर्वांना सर्व दारे उघडी करून सोडवण्याची वाईट सवयही याच टप्प्यावर मोडता येते.

हीच समज पुढे एका वेगळ्या प्रसंगी उपयोगी पडते. सर्व्हरची डिस्क भरते, डीएफ ही कमांड शंभर टक्के दाखवते, पण प्रत्येक डिरेक्टरीचा आकार मोजणारी डीयू ही कमांड पाहिली तर बेरीज त्याच्या निम्मीही भरत नाही. कारण असे की कोणीतरी फुगलेली लॉगची फाइल, म्हणजे सेवेने आपल्या कामकाजाची ठेवलेली नोंद, पुसून टाकलेली असते, परंतु ती लिहिणारी सेवा अजून चालूच असते आणि तिने फाइल उघडी धरून ठेवलेली असते. यादीतले नाव गेले तरी आयनोड आणि त्याने व्यापलेली जागा, फाइल धरून बसलेली शेवटची प्रोसेस ती सोडेपर्यंत, मोकळी होत नाही. एलएसओएफ या कमांडने तो धनी शोधून सेवा नव्याने सुरू केली की जागा क्षणात परत मिळते. परवानग्या, फाइल प्रणाली, प्रोसेस आणि सेवा ही अभ्यासक्रमातील चार वेगळी प्रकरणे प्रत्यक्षात एकाच यंत्रणेची अंगे आहेत, हे अशा एका बिघाडातून जितके स्पष्ट होते तितके चार व्याख्यानांतून होत नाही.

प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष चित्र मात्र बहुतेक ठिकाणी याच्या उलट असते. एका संगणकावर सकाळी एक वर्ग आणि दुपारी दुसरा वर्ग बसतो, दुसऱ्या वर्गाला यंत्र धडधाकट मिळाले पाहिजे ही लॅब असिस्टंटची रास्त चिंता असते, आणि म्हणून रूटचा पासवर्ड विद्यार्थ्याला मिळत नाही. मग वीसेक कमांड आणि त्यांचे अपेक्षित उत्तर जर्नलमध्ये उतरवून घेतले जाते, सह्या होतात, आणि तोंडी परीक्षेत कमांडचा अर्थ विचारला जातो. वापरकर्ता जोडण्याची कमांड लिहिता येणारा, पण प्रत्यक्षात एकही वापरकर्ता कधीच न जोडलेला विद्यार्थी या पद्धतीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊ शकतो. यात दोष एका शिक्षकाचा किंवा एका संस्थेचा नसून, सामायिक यंत्रावर मोडतोडीची मुभा देणे ज्या काळात खरोखरच अशक्य होते, त्या काळाची ही रीत आहे आणि तो काळ संपल्यावरही ती उरली आहे.

तो काळ संपला व्हर्च्युअल मशीनमुळे, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकामुळे. 2007 मध्ये केव्हीएम ही सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली आणि त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्स मुक्तस्रोत रूपात उपलब्ध झाले. तेव्हापासून मध्यम ताकदीच्या संगणकावरही विद्यार्थ्याला त्याच्या एकट्याच्या मालकीचे यंत्र देता येते. या यंत्राची एखाद्या क्षणाची स्थिती जतन करून ठेवता येते, तिला स्नॅपशॉट म्हणतात, आणि पुढे काहीही बिघडले तरी त्या स्थितीला परतता येते. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधलेल्या भोपळ्याचे जे काम, तेच या स्नॅपशॉटचे, आणि काही दिवसांनी भोपळा सोडावा लागतो हेही इथे लागू आहे, कारण प्रत्येक चूक मागे फिरून पुसता येते असे वाटत राहिले तर दुरुस्ती कधी शिकलीच जात नाही.

दुरुस्ती शिकवण्यास सर्वांत योग्य जागा एफएसटॅब ही फाइल होय. यंत्र सुरू होताना डिस्कचे कोणते भाग कोणत्या डिरेक्टरीवर जोडायचे, म्हणजे माउंट करायचे, याची ही यादी असून तिच्या एका ओळीत सहा रकाने असतात. नवी डिस्क जोडताना तिच्या ओळखक्रमांकातले एक अक्षर चुकले की पुढच्या वेळी यंत्र नेहमीच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. त्या डिस्कची सुमारे दीड मिनिट वाट पाहून ते आणीबाणीच्या स्थितीत थांबते आणि रूटचा पासवर्ड मागते. इथे विद्यार्थ्याला माउसचा आधार नसतो. त्याने जर्नलसीटीएल या कमांडने लॉग वाचायचा, कोणते माउंट अयशस्वी झाले ते ओळखायचे, व्हीआय या संपादकात ती ओळ सुधारायची, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी माउंट डॅश ए ही कमांड चालवून यादीतली प्रत्येक ओळ खरी आहे ना हे पडताळायचे. ही शेवटची पायरी आधीच केली असती तर हा प्रसंग आला नसता, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

सेवा सुरू-बंद करणारे सिस्टिमडी, ठरल्या वेळी काम करवून घेणारे क्रॉन, पॅकेज बसवणारी साधने यांची ओळख त्यामानाने सोपी आहे आणि एकदा लॉग वाचण्याची सवय लागली की ती बरीचशी विद्यार्थी स्वतःच करून घेतात.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडसर भाषेचा असतो. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या शेल प्रोग्रॅमिंगवरील पुस्तकाने किंवा सुमिताभ दास यांच्या युनिक्सवरील पुस्तकाने अनेक पिढ्यांना या विषयात आणले, पण ती इंग्रजीत आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हा अडसर मोठ्या शहाणपणाने ओलांडला: साधारण दहा मिनिटांच्या प्रत्येक पाठात पडद्यावरील कमांड इंग्रजीतच राहतात, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते, आणि विद्यार्थ्याने पडद्याच्या एका भागात पाठ व दुसऱ्या भागात टर्मिनल ठेवून ऐकता ऐकताच हात चालवावा अशी अपेक्षा असते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातील किंवा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुक्त सॉफ्टवेअरप्रेमी विद्यार्थी मंडळांनी वर्गाबाहेर चालवलेल्या कार्यशाळांचे महत्त्वही तितकेच मोठे आहे, कारण वरच्या वर्गातील मुलगी जेव्हा खालच्या वर्गातील मुलाला बिघडलेले यंत्र उघडून दाखवते, तेव्हा जर्नलची भीती दोघांच्याही मनात नसते.

मूल्यमापनाच्या बाबतीत विद्यापीठांनी रेड हॅट कंपनीच्या प्रशासक परीक्षेकडे पाहावे. त्या परीक्षेत पर्यायी उत्तरांचे प्रश्न नसतात. परीक्षार्थीला चालू यंत्र आणि कामांची यादी मिळते, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही जे टिकून राहील तेवढ्याच कामाला गुण मिळतात. नोव्हेंबर 2017 पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्सच चालत आहे आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म हा महासंगणकही तिच्यावरच चालतो. अशा यंत्रांच्या राखणीसाठी माणसे निवडताना कमांडची व्याख्या कोणी विचारत नाही.

याहूनही चांगली परीक्षा महाविद्यालयाच्या आवारातच उपलब्ध आहे. अनेक ग्रंथालये कोहा या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतात, आणि कोहा लिनक्सवरील एका डेटाबेसवर उभी असते. तिचा एक जुळा सर्व्हर विद्यार्थ्यांच्या गटाकडे सोपवावा, रोज रात्री मूळ डेटाबेसचा बॅकअप क्रॉनद्वारे त्यावर उतरवण्याची जबाबदारी त्यांना द्यावी, वाचकांचा खासगी तपशील आधी वगळावा, आणि सत्र संपताना ग्रंथपालांच्या उपस्थितीत कोऱ्या यंत्रावर तो बॅकअप परत उभा करायला लावावा. उभ्या राहिलेल्या प्रणालीतील पुस्तकांची संख्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली, की गुण किती द्यायचे हे परीक्षकाला वेगळे ठरवावे लागणार नाही.