दहा गुंठ्यांचा एक ग्रॅम

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू झाले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळणार याचे कौतुक सर्वांना होते. परंतु त्या केंद्राच्या चक्रांवरून उतरलेले पाणी पुढे कोठे जाईल आणि त्याच्या काठी काय काय उभे राहील, याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला असेल असे वाटत नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता या घाटमाथ्यावरच्या तलावांत साठलेले पावसाचे पाणी प्रचंड नळांतून खाली येते, यंत्रे फिरविते आणि काम संपले की पाताळगंगेच्या पात्रात सोडले जाते. त्यामुळे चैत्र-वैशाखात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे पात्र दगडगोट्यांपुरते उरत असता ही नदी मात्र बारमाही वाहते. पलीकडे कर्जत तालुक्यात १९२२ साली भिवपुरीचे केंद्र चालू झाले आणि तेथील अवजल पेज नदीवाटे उल्हासेला मिळू लागले. बारमाही पाणी, जवळून जाणारा लोहमार्ग, पुण्याकडचा हमरस्ता आणि पल्ल्यात असलेले मुंबई बंदर इतक्या सोयी एके ठिकाणी जुळल्यावर कारखाने न येते तरच नवल. खालापूर व पनवेल या तालुक्यांच्या हद्दीवर रसायनी वसली ती १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीमुळे, आणि १९८२ साली पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाल्यावर तर या खोऱ्याचे नाव देशभर झाले.

नदीतून पाणी उचलणारा कारखाना ते पुष्कळसे नदीलाच परत देतो. मात्र कोणत्या अवस्थेत द्यावे, याबद्दल १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने व त्याखालील नियमांनी बंधने घातली आहेत. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात फिनॉल दर लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये आणि रासायनिक प्राणवायूची मागणी, जिला ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर, काम करणारी माणसे ‘सीओडी’ म्हणतात, ती सर्वसाधारणपणे २५० मिलिग्रॅमच्या आत असावी, असा दंडक आहे. तो पाळण्यासाठी कारखान्यात प्रथम आम्ल वा अल्क यांची तीव्रता मोडतात, मग गाळ बसवितात आणि नंतर मोठ्या हौदांत हवा सोडून जिवाणूंच्या करवी सेंद्रिय द्रव्ये खाववितात. जिवाणू हे कष्टाळू नोकर असले तरी त्यांच्या आवडीनिवडी फार आहेत. साखर, पिष्ट, मद्यार्क यांवर ते तुटून पडतात. परंतु नायट्रोबेंझीनसारखी वलयाकृती संयुगे आणि कापड रंगविण्याची कृत्रिम रंगद्रव्ये यांना ते तोंड लावावयास सहजी तयार होत नाहीत. मग हौदातून बाहेर पडणारे पाणी निवळलेले दिसते, पण त्याला फिकट पिवळी झाक व उग्र वास उरतो. येथे कोळशाची पाळी येते.

कोळसा या मुलखाला नवा नाही. कर्जतच्या रानांतून कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खैराचा कात काढला आणि कोळसा पाडला. आणि त्या कोळशावर मुंबईच्या असंख्य शेगड्या पेटल्या. लाकडाची खांडे उभी रचावयाची, त्यांवर पाला व माती लिंपून भट्टी बंद करावयाची, खाली विस्तव घालावयाचा आणि मग दिवसरात्र धुराचा रंग पाहत बसावयाचे: प्रथम दाट पांढरा धूर, म्हणजे लाकडातले पाणी निघते आहे, मग पिवळसर व डोळ्यांना झोंबणारा, आणि अखेर निळसर विरळ धूर दिसू लागला की भोके बुजवून टाकावयाची. या एका क्षणाचा अंदाज चुकला तर भट्टीत कोळशाऐवजी राख सापडते. ही विद्या ज्यांच्या हाती होती त्यांच्या पदरी तिच्यातून काय पडले, हा हिशेब मात्र लाजिरवाणा आहे. कारण पावसाळ्यात मक्तेदाराकडून घेतलेली उचल फेडण्यातच भट्टीचा हंगाम संपत असे आणि ती फिटली आहे की नाही हे मक्तेदाराच्या वहीवाचून कोणास ठाऊक नसे.

या भट्टीतला कोळसा चांगला जळतो. परंतु सांडपाण्यातले विष धरण्यास तो फारसा उपयोगी पडत नाही. लाकूड जळताना निघालेले डांबर त्याच्या अंगातली सूक्ष्म छिद्रे बुजवून बसलेले असते. ती मोकळी करण्याची युक्ती ऑस्ट्रेयको या संशोधकाने १९०० च्या सुमारास एकस्वाने नोंदविली: ८०० ते १,००० अंश सेल्सिअस तापलेल्या कोळशावरून पाण्याची वाफ सोडावयाची, म्हणजे वाफ डांबर तर काढतेच, शिवाय खुद्द कोळशाचा काही अंश खाऊन त्याचे अंतरंग पोखरते. अशा रीतीने तयार झालेल्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमचे, म्हणजे चिमूटभर भुकटीचे, आतील पृष्ठफळ हजार चौरस मीटरांच्या आसपास भरते. कर्जतच्या रहिवाशाला हा आकडा त्याच्या परिचयाच्या मापात सांगावयाचा तर तो सुमारे दहा गुंठे होतो; आणि ज्या तालुक्यात अलीकडे गुंठागुंठ्याचे भाव ऐकून जुन्या शेतकऱ्यांचे डोळे विस्फारतात, तेथे चार ग्रॅमांत एक एकर सामावतो ही गोष्ट निदान लक्षात राहण्यास हरकत नाही.

या दहा गुंठ्यांच्या भिंतींवर पाण्यातले रेणू येऊन चिकटतात. टिपकागदात शाई मुरते तसे ते द्रव्यात मुरत नाहीत; ते पृष्ठभागापाशी दुर्बळ आकर्षणाने नुसते धरले जातात, आणि यालाच अधिशोषण म्हणतात. ज्या रेणूला पाण्याची संगत मुळातच रुचत नाही, जो आकाराने बेताचा मोठा व वलयाकृती आहे, तो कोळशाकडे उत्सुकतेने जातो. म्हणून फिनॉल, नायट्रोबेंझीन आणि रंगद्रव्ये त्याला चांगली सापडतात. उलट मीठ पाण्याबरोबर निमूट निघून जाते आणि मेथॅनॉलसारखा लहान, पाण्याशी एकजीव होणारा रेणूही बहुतेक निसटतो. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे लोव्हित्झ याने १७८५ साली कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे पाहिले, आणि पुढे साखर शुद्ध करणाऱ्यांनी हाडांचा कोळसा वापरला तो याच भेदाच्या बळावर: पाकाचा तपकिरी रंग कोळशात अडकतो आणि गोडी पाण्यात राहते. १९१५ पासून युद्धभूमीवरील विषारी वायूंपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला, आणि नदीतल्या फिनॉलशी क्लोरिनचा संयोग होऊन नळाच्या पाण्याला येणारी किळसवाणी चव घालविण्यासाठी अमेरिकेतील शहरांनी तो १९३० च्या सुमारास पाण्यात टाकण्यास सुरुवात केली. सांडपाण्याकडे त्याची पाळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

कोणत्या पदार्थाचा कोळसा घ्यावा यातही तारतम्य आहे. नारळाच्या करवंटीच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रांचे प्रमाण फार असते, त्यामुळे लहान रेणू त्यात उत्तम बसतात. पण रंगद्रव्याचा थोराड रेणू त्या दारातून आतच शिरत नाही, त्याच्यासाठी लाकडापासून केलेला, रुंद छिद्रांचा कोळसा बरा. व्यापारी आयोडीनांक दाखवून माल विकतो, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो ते सांगतो, आणि हजाराच्या घरातला आकडा पाहून खरेदीदार संतुष्ट होतो. परंतु आयोडीनचा रेणू लहान असल्याने रंगाच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरू शकतो. कर्जत-३, कर्जत-१८४ अशी भाताची वाणे देणाऱ्या या तालुक्यात साहजिकच मनात येते की गिरण्यांतल्या तुसाचाच असा कोळसा का करू नये. तसे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. अडचण एवढीच की तुसात सिलिका विपुल असते, ती राखेच्या रूपाने कोळशात राहते, आणि अल्काने धुऊन काढावी तर त्या धुण्याचे पुन्हा सांडपाणी होते.

कारखान्यात हा कोळसा पाहावयास मिळतो तो वाळूच्या गाळणीशेजारच्या, आतून रबराचे अस्तर दिलेल्या एका उभ्या पोलादी टाकीत. पाणी वरून शिरते, खाली उतरते आणि कोळशाच्या थरात साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत रेंगाळावे अशी योजना असते. टाकीवरचा दाबमापक वाढीव दाब दाखवू लागला की कामगार झडपा फिरवून उलटे पाणी सोडतो, ज्याला बॅकवॉश म्हणतात; काळे पाणी भसाभस बाहेर येते आणि टाकी स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. या समाधानात मोठा घोटाळा आहे. बॅकवॉशने कोळशाच्या कणांमधला गाळ निघतो, छिद्रांत बसलेले रेणू जागचे हलत नाहीत. तेथली अवस्था भरलेल्या धर्मशाळेसारखी होते: नवा येणारा वाटसरू दारावरून परत फिरतो, आणि तो फारच वजनदार असला तर आत आधी उतरलेल्या एखाद्या दुबळ्याला बाहेर काढून त्याची खोली घेतो. म्हणूनच कोळसा संपल्यावरही टाकी चालू ठेवली तर कधीकधी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर येणाऱ्या पाण्यात एखादे द्रव्य अधिक आढळते. आधीच्या हौदात चुना सढळ हाताने पडून पाणी फार अल्कधर्मी झाले असेल तर फिनॉल विद्युद्भारित होते, पाण्यालाच धरून राहते आणि नवा कोळसाही त्याला पकडू शकत नाही.

अर्थकारणही येथेच उलगडते. समजा, एका मध्यम कारखान्यातून दिवसाला एक लाख लिटर सांडपाणी निघते आणि त्यात दर लिटरला ५,००० मिलिग्रॅम सेंद्रिय द्रव्य आहे. म्हणजे ते दिवसाला ५०० किलो झाले. कोळसा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके द्रव्य धरतो असे मानले, तर रोज ५ टन कोळसा लागेल, आणि असा खर्च कोणताही मालक करणार नाही. परंतु जिवाणूंनी आधी आपले काम चोख करून अवघे ५० मिलिग्रॅम शिल्लक ठेवले असेल तर दिवसाचे द्रव्य ५ किलो आणि कोळसा ५० किलो. ज्या कारखान्यात जिवाणूंचा हौद मेलेला आहे आणि कोळशाची टाकी मात्र रंग लावून दर्शनी भागात उभी आहे, तेथे ती टाकी तपासनिसाला दाखविण्यापुरतीच आहे असे समजण्यास प्रत्यवाय नाही.

कोळसा विष नाहीसे करीत नाही, ते केवळ पाण्यातून काढून स्वतःत ठेवतो. आणि म्हणून भरलेला कोळसा हा स्वतःच घातक कचरा होऊन बसतो. त्याला पुन्हा ८०० अंशांच्या वर भट्टीत तापविले तर रेणू जळून जातात आणि कोळसा परत कामाचा होतो. मात्र दर खेपेस शेकडा ५ ते १० भाग जळून घटतो, आणि भट्टीचा धूर पुन्हा जाळून घेतला नाही तर पाण्यातले विष हवेत गेले इतकेच. लहान कारखान्यांना ही भट्टी परवडत नाही. त्यांनी तो कोळसा तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे रीतसर चलनासह पाठवावा अशी अपेक्षा आहे. परवानाधारक केंद्रावाचून अन्यत्र तो टाकण्यास कायद्याची मुभा नाही. तरी एखाद्या ओढ्याच्या काठी तो उघड्यावर पडला, तर पावसात त्यातली द्रव्ये हळूहळू सुटून पुन्हा नदीकडेच निघतात.

नदीकाठच्या ग्रामपंचायतीला प्रयोगशाळा चालविता येत नाही, आणि पाण्याचा नमुना कोणत्या घटकेला घेतला यावर निकाल अवलंबून असल्याने एकट्या नमुन्यावर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. पण दोन कागद तिला वाचता येतील: कोळसा खरेदीच्या पावत्या आणि वापरलेल्या कोळशाची चलने. वरच्या उदाहरणातल्या कारखान्याला महिन्याला दीड टन कोळसा लागतो, म्हणजे वर्षाला १८ टन; अर्ध्या टनाची टाकी भरलेली असेल तर ती दहा दिवसांत रिकामी करून पुन्हा भरावी लागते. अशा कारखान्याच्या दफ्तरात वर्षभरात एकच टन कोळसा विकत घेतल्याची नोंद असेल आणि तळोज्याकडे गेल्याचे चलन एकही नसेल, तर उरलेल्या १७ टनांचे काम कोणी केले, हे त्या दफ्तरदारालाच विचारावे लागेल.