जेकब वेटर्लिंग : एका गावाची सत्तावीस वर्षे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ हे गाव आपल्या बहुतेक वाचकांना अपरिचित असेल. सेंट क्लाऊड धर्मप्रांतातील हे एक लहानसे गाव. जर्मन वंशाच्या कॅथलिक शेतकऱ्यांनी वसवलेल्या या परिसरात बेनेडिक्टाईन धर्मभगिनींचा जुना मठ आहे आणि त्यांनी स्थापन केलेले महाविद्यालय आहे. तेथून काही किलोमीटरवर कॉलेजव्हिल येथे संत जॉन यांच्या नावाचा बेनेडिक्टाईन मठ आहे. त्या मठाच्या लिटर्जिकल प्रेसची पुस्तके सेमिनरीत शिकलेल्या आपल्याकडील अनेक धर्मगुरूंच्या हातून गेलेली आहेत. १९८९ साली या गावाची लोकसंख्या जेमतेम ३,००० होती. दारांना कुलपे लावण्याची फारशी गरज नाही, असे मानणाऱ्या गावांपैकी ते एक गाव होते.

त्या वर्षी २२ ऑक्टोबर रोजी, रविवारी रात्री नऊच्या सुमारास, जेकब वेटर्लिंग हा ११ वर्षांचा मुलगा, त्याचा धाकटा भाऊ आणि एक मित्र असे तिघे जवळच्या दुकानातून चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट भाड्याने घेऊन घरी परतत होते. आईवडील एका स्नेह्याकडे जेवायला गेले होते आणि मुलांनी दूरध्वनीवरून त्यांची परवानगी घेतली होती. वाटेत एका शेतघराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी चेहरा झाकलेला एक माणूस हातात पिस्तूल घेऊन पुढे आला. त्याने मुलांना रस्त्याकडेच्या खळग्यात पालथे झोपायला लावले आणि त्यांची वये विचारली. मग दोघांना रानाकडे पळून जाण्याचे फर्मावले. मागे वळून पाहिलेत तर गोळी घालीन, अशी धमकीही दिली. काही अंतर गेल्यावर मुलांनी मागे पाहिले, तेव्हा रस्त्यावर कोणीही नव्हते.

पुढे काय झाले हे समजायला गावाला जवळजवळ २७ वर्षे लागली. या दीर्घ काळात एक समाज कसा वागला, कोणत्या गोष्टी त्याने भल्या केल्या आणि कोणत्या ठिकाणी त्याचा तोल गेला, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल असे वाटते.

पहिल्या दिवसांतील प्रतिसाद विलक्षण होता. शेकडो स्वयंसेवक शेते आणि राने तुडवू लागले. एफबीआय आणि नॅशनल गार्ड आले, हेलिकॉप्टरे फिरू लागली. प्रार्थनासभांना चर्चेस अपुरी पडली. लोकांनी छातीवर पांढऱ्या फिती लावल्या, जेकबचे छायाचित्र असलेली पत्रके देशभर पाठवली. सर्वांत हृद्य प्रथा होती ती ओसरीवरील दिव्याची. जेकब रात्री-अपरात्री परतला तर त्याला वाट दिसावी म्हणून लोकांनी घराबाहेरचे दिवे जळत ठेवले आणि अनेक घरांत ही प्रथा वर्षानुवर्षे चालू राहिली. १९९५ साली जवळच्या सार्टेल येथे मिसिसिपी नदीवर बांधलेल्या पुलाला जेकब व इतर हरवलेल्या मुलांच्या स्मरणार्थ ‘आशेचा पूल’ असे नाव देण्यात आले.

जेकबचे आईवडील पॅटी आणि जेरी वेटर्लिंग यांनी १९९० साली आपल्या मुलाच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. पॅटी ही गृहिणी होती. ती कायदेमंडळाच्या समित्यांसमोर उभी राहू लागली. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगून बाहेर आलेल्या व्यक्तींची नोंद मिनेसोटात नव्हती. त्यामुळे अशा प्रसंगी परिसरात कोणाकडे चौकशी करावी हेच पोलिसांना ठाऊक नसे. १९९१ साली राज्यात तशी नोंदवही सुरू झाली. १९९४ साली जेकबच्या नावाने केंद्रीय कायदा झाला आणि प्रत्येक राज्याला अशी नोंद ठेवणे भाग पडले. मूळ कल्पना पोलिसांच्या उपयोगाची होती. १९९६ च्या दुरुस्तीने ही माहिती समाजाला देणे राज्यांना बंधनकारक झाले आणि हळूहळू ती सर्वांसाठी खुली झाली. नोंदवहीत अल्पवयीन मुलांचीही नावे येऊ लागली. शिक्षा पूर्ण केलेल्या माणसाला घर आणि काम मिळेनासे झाले. पॅटी वेटर्लिंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, हा विस्तार आपल्याला पटत नाही. सूडाने मुले सुरक्षित होत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या मातेच्या दुःखाच्या नावाने कायदा झाला, त्याच मातेने त्याच्या अतिरेकाविरुद्ध बोलावे, याला मोठे धैर्य लागते.

आता तपासाकडे वळू. या प्रकरणाचा खरा धडा तेथेच दडलेला आहे.

अपहरण ज्या ठिकाणी झाले, तेथील शेतघरात आईवडिलांसमवेत राहणारा एक संगीतशिक्षक त्या रात्री घरी एकटा होता. आपल्या वाटेवर एक मोटार येऊन वळून गेल्याचे त्याने पाहिले होते व पोलिसांना तसे सांगितलेही होते. अनेक वर्षे पोलीस असेच मानत होते की, अपहरणकर्ता मोटारीतून आला आणि ते चाकांचे ठसे त्याचेच. २००३ साली एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले की, त्या रात्री त्या वाटेवर माझी मोटार गेली होती. मग तपासाची दिशाच बदलली. मोटार दुसऱ्याची, म्हणजे अपहरणकर्ता पायी आला असावा. पायी आला म्हणजे तो जवळपासच राहणारा असावा. आणि जवळपास तर त्या रात्री घरी एकटा असलेला हा शिक्षक! एका अनुमानावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी ही उतरंड रचली गेली. तळाचे मडके कच्चे आहे की पक्के, हे कोणी तपासले नाही. गुन्हेगाराची मोटार दुसरीकडे उभी असू शकते, हा साधा विचार मागे पडला.

२००९ मध्ये पोलिसांनी पॅटी वेटर्लिंग यांच्या अंगावर छुपे ध्वनिमुद्रण यंत्र लावून त्यांना या शिक्षकाशी बोलायला पाठवले. २०१० च्या उन्हाळ्यात त्याच्या आईवडिलांच्या शेतावर खोदकाम झाले आणि मालमोटारी भरून माती नेण्यात आली. काहीही सापडले नाही. तरीही शेरीफने त्याचा उल्लेख जाहीररीत्या ‘तपासाच्या दृष्टीने महत्त्वाची व्यक्ती’ असा केला. या शब्दप्रयोगाला कायद्यात निश्चित अर्थ नाही. आरोप ठेवलेला नसतो, म्हणून बचाव करण्याची संधीही नसते. गावाला मात्र त्याचा अर्थ बरोबर समजतो. हा माणूस मुलांना संगीत शिकवत होता. शेजाऱ्यांच्या नजरा, पालकांची कुजबुज आणि त्याच्या वृद्ध मातापित्यांच्या वाट्याला आलेले दिवस यांची कल्पना वाचकांनीच करावी.

संशयाचे सावट संत जॉनच्या मठावरही पडले होते. येथे आपण ख्रिस्तसभेचे लोक म्हणून प्रामाणिक असले पाहिजे. या प्रकरणाशी मठाचा काहीही संबंध नव्हता हे पुढे स्पष्ट झाले. परंतु मठातील काही व्यक्तींवरील बाल अत्याचाराचे आरोप खरे होते. डिसेंबर २०१३ मध्ये मठाने विश्वासार्ह आरोप असलेल्या आपल्या सदस्यांची यादी प्रसिद्ध केली. २०२० साली सेंट क्लाऊड धर्मप्रांताने अशाच दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या चर्चच्या बाकांवर बसून लोक जेकबसाठी रोझरी म्हणत होते, त्याच धर्मप्रांतातील काही मुले आपले दुःख गिळून गप्प होती. लोकांनी मठाकडे संशयाने पाहिले असेल, तर त्याचा सगळा दोष लोकांना देता येत नाही.

खरा गुन्हेगार होता डॅनी हाइनरिक. तो सुमारे ४० किलोमीटरवरील पेन्सव्हिल गावचा रहिवासी. १९८६ ते १९८८ या काळात त्या गावात अनेक मुलग्यांवर अंधारात हल्ले झाले होते. जेकबच्या अपहरणाच्या नऊ महिने आधी, जानेवारी १९८९ मध्ये, कोल्ड स्प्रिंग येथून एका १२ वर्षांच्या मुलाला मोटारीत ओढून नेऊन त्याच्यावर अत्याचार करण्यात आला होता व मग सोडून देण्यात आले होते. हाइनरिकची चौकशी १९८९ च्या डिसेंबरातच झाली होती. त्याचे बूट व मोटारीचे टायर घटनास्थळीच्या ठशांशी जुळण्याजोगे होते. तथापि, पुरावा निर्णायक नव्हता. १९९० च्या फेब्रुवारीत त्याला ताब्यात घेऊन सोडून देण्यात आले. पुढील पंचवीस वर्षे तो त्याच परिसरात राहिला आणि कामावर जात-येत राहिला.

हे कोडे उलगडण्यास चालना मिळाली ती गणवेषधारी लोकांकडून नव्हे. कोल्ड स्प्रिंगचा तो मुलगा आता प्रौढ झाला होता. जॉय बेकर नावाची एक स्थानिक लेखिका २०१० पासून या प्रकरणाचा मागोवा घेत होती. या दोघांनी पेन्सव्हिलच्या जुन्या हल्ल्यांची माहिती एकत्र केली आणि त्या वेळच्या इतर पीडितांना बोलते केले. २०१५ साली, त्या मुलाच्या जपून ठेवलेल्या कपड्यावरील डीएनए हाइनरिकशी जुळला. त्या गुन्ह्याची कायदेशीर मुदत मात्र उलटून गेली होती. घराच्या झडतीत मुलांची अश्लील चित्रे मिळाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या आरोपाखाली त्याला अटक झाली.

यानंतर झालेला करार समजून घेतला पाहिजे. कारण त्यावरून गावात आणि साऱ्या राज्यात तीव्र मतभेद झाले. सरकारी पक्षाकडे जेकबच्या खुनाचा थेट पुरावा नव्हता. देह सापडला नव्हता. हाइनरिक गप्प राहिला असता, तर चित्रांच्या प्रकरणात शिक्षा भोगून तो मोकळा झाला असता आणि जेकबचे काय झाले हे कधीच कळले नसते. म्हणून असे ठरले की, त्याने जेकबचे अवशेष दाखवावेत, न्यायालयात संपूर्ण कबुली द्यावी आणि अश्लील चित्रांच्या एका आरोपात कमाल शिक्षा, म्हणजे २० वर्षे, स्वीकारावी. त्याबदल्यात खुनाचा खटला चालणार नाही. आईवडिलांना विश्वासात घेऊन, त्यांच्या संमतीनेच हे झाले. सप्टेंबर २०१६ च्या आरंभी पेन्सव्हिलजवळच्या एका कुरणात जेकबचे अवशेष सापडले. ६ सप्टेंबर रोजी मिनियापोलिसच्या न्यायालयात हाइनरिकने सर्व सांगितले. जेकबचा त्याच रात्री खून झाला होता. मी काय चूक केली, असे त्या मुलाने त्याला विचारले होते, हेही त्याच्याच तोंडून सर्वांनी ऐकले.

अनेकांना हा करार अन्याय्य वाटला. खून करून खुनाची शिक्षा नाही, हे कोणाला रुचेल? न्याय म्हणजे गुन्ह्याच्या नावानेच शिक्षा, ही आपली सहजभावना असते. परंतु त्या आईवडिलांना आधी मुलाला घरी आणायचे होते. माझ्या मते त्यांचा निर्णय योग्य होता. दूर बसून संतापणाऱ्यांपेक्षा तो त्यांचा निर्णय होता, हे तर अधिकच योग्य होते.

त्या आठवड्यात ओसरीवरचे दिवे पुन्हा लागले. जेकब खेळाच्या मैदानावर ११ क्रमांकाचा सदरा घालीत असे. म्हणून शाळांच्या संघांनी तो आकडा आपल्या पोशाखांवर मिरवला. आम्ही काय करू, असे लोक विचारीत होते. वेटर्लिंग कुटुंबाकडून उत्तर आले, त्यात शिक्षेचा शब्दही नव्हता : प्रार्थना करा, मेणबत्ती लावा, मुलांशी खेळा, हसा, आईस्क्रीम खा, शेजाऱ्याला मदत करा. २५ सप्टेंबर रोजी धर्मभगिनींच्या महाविद्यालयाच्या भव्य क्रीडागृहात जेकबची स्मरणसभा झाली.

आपल्या महाराष्ट्रातील दोन घटनांची येथे आठवण होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू व त्यांचा चालक यांचा बळी गेला. त्या ठिकाणी कोणाचेही मूल पळवले गेले नव्हते. सेंट जोसेफमध्ये मूल खरोखर गेले होते, तरी कोणी कोणावर हात उचलला नाही, हे मान्य करावे लागेल. पण भीतीला अनोळखी माणूस किंवा एकटा माणूस सोयीचा वाटतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते की, आपल्या देशात बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी हा मुलाच्या ओळखीचाच असतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये तपासाची कागदपत्रे खुली झाली. तेव्हाच्या नव्या शेरीफने पत्रकारांसमोर स्पष्टपणे सांगितले की, तपास भरकटला होता आणि हाइनरिककडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी आरंभीच हाती होत्या. हाइनरिक आपली शिक्षा भोगत आहे. ती संपल्यावरही समाजाला धोकादायक म्हणून त्याला दिवाणी आदेशाने बंदिस्त ठेवण्याची तरतूद मिनेसोटाच्या कायद्यात आहे आणि तो कधी मोकळा होण्याची शक्यता कमीच, असे न्यायाधीशांनी शिक्षा देतानाच सुचवले होते.

त्या संगीतशिक्षकाने २०१७ साली शेरीफ व इतर अधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. २०१० मध्ये घडलेल्या गोष्टींसाठी त्याने फार उशिरा दाद मागितली, या मुख्य कारणावरून न्यायालयाने तो फेटाळला. २०२१ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.