एका गावाचा अभ्यास करून काय कळतं? ओझरच्या पाण्यावरून समजून घ्या 'केस स्टडी' म्हणजे काय

'या गावाने करून दाखवलं, मग तुमचं गाव का नाही?' अशा मथळ्याची पोस्ट आठवड्यातून एकदा तरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच. खाली हिरव्या शेताचा फोटो, दोन-चार आकडे आणि एका कर्त्या माणसाचं नाव. कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, 'हे सगळीकडे झालं पाहिजे.' दुसरा म्हणतो, 'एका गावावरून काय सिद्ध होतं?'

संशोधनाच्या जगात या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आहे. एकाच गावाचा, संस्थेचा, शाळेचा किंवा घटनेचा खोलवर अभ्यास करण्याच्या पद्धतीला केस स्टडी म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला प्रकरण अभ्यास किंवा व्यक्ती अभ्यास असंही म्हटलं जातं. ती कशी करतात आणि तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे समजायला नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचं उदाहरण उपयोगी पडतं.

ओझरमध्ये काय घडलं?

ओझर म्हटलं की अनेकांना विमानांचा कारखाना आठवतो. पाण्याच्या अभ्यासकांना मात्र ओझर वेगळ्याच कारणाने माहीत आहे.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या अगदी टोकाला, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'टेलला', ओझरची शेती येते. कालवा कागदावर ओझरपर्यंत होता, पण पाणी वरच्या भागातच संपायचं. महाराष्ट्रातल्या बहुतेक कालव्यांची हीच कथा आहे.

समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणलं. १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसांत वाटायचं आणि पाणीपट्टी आपणच गोळा करून भरायची, असा हा व्यवहार. संस्थांनी नाल्यांवर बंधारे घातले, त्यात पाणी मुरवलं आणि विहिरींना फायदा झाला म्हणून विहीरवाल्यांकडूनही पट्टी घेतली.

पुढे वाघाडच्या लाभक्षेत्रात अशा २४ संस्था झाल्या आणि त्यांनी मिळून प्रकल्पाच्या पातळीवरचा संघ उभा केला. टेलला पाणी पोहोचलं, द्राक्षं आणि भाजीपाला वाढला.

इथपर्यंत जे वाचलं ती यशोगाथा झाली. केस स्टडी इथून पुढे सुरू होते.

'किती' नव्हे, 'कसं' आणि 'का'

महाराष्ट्रात किती पाणी वापर संस्था आहेत आणि त्यातल्या किती चालू आहेत, हे शोधायचं तर सर्वेक्षण करावं लागेल. पण ओझरच्या टेलला पाणी कसं पोहोचलं आणि वरच्या शेतकऱ्यांनी ते का जाऊ दिलं, याचं उत्तर हजार लोकांकडून फॉर्म भरून घेऊन मिळत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणी ठाण मांडावं लागतं.

केस स्टडीवरचं रॉबर्ट यिन यांचं १९८४ सालचं पुस्तक आजही जगभर वापरलं जातं. त्यांचंही म्हणणं हेच आहे : प्रश्न 'कसं' आणि 'का' असा असेल, घटना आपल्या हातात नसेल आणि तिला आजूबाजूच्या परिस्थितीपासून वेगळं काढता येत नसेल, तर ही पद्धत वापरावी.

अभ्यास कसा करतात?

पहिली पायरी म्हणजे केसची हद्द ठरवणं. 'केस' नक्की कोणती? ओझरची एक संस्था, तिन्ही संस्था की वाघाडच्या सगळ्या २४? आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? हे आधी ठरलं नाही, तर सोयीची माहिती उचलली जाते आणि गैरसोयीची बाहेर राहते.

दुसरी पायरी म्हणजे एकाच गोष्टीचे वेगवेगळे पुरावे. समजा, संस्थेचे पदाधिकारी म्हणाले, 'सगळ्यांना पाणी मिळतं.' संशोधक ते लिहून घेतो, पण तिथे थांबत नाही. तो आवर्तनाच्या नोंदी बघतो, पाणीपट्टीच्या पावत्या बघतो, सातबाऱ्यावरचा पीकपेरा बघतो. आवर्तन सुटल्यावर चारीच्या कडेने शेवटच्या शेतापर्यंत चालत जातो. तिथल्या शेतकऱ्याला, शेतात राबणाऱ्या बाईला आणि जमीन नसलेल्या मजुरालाही तोच प्रश्न विचारतो. सगळ्यांची उत्तरं जुळली तर दावा पक्का होतो. जुळली नाहीत, तर नेमकं तिथेच काहीतरी शिकायला मिळतं.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. यशाची दुसरी कारणं असू शकतात का, हे तपासणं. ओझरचं यश संस्थांमुळेच आलं की द्राक्षाच्या पैशामुळे? नाशिक शहर आणि मुंबई-आग्रा महामार्ग जवळ असल्यामुळे? की खमक्या नेतृत्वामुळे?

यातली प्रत्येक शंका तपासता येते. फक्त नेतृत्वामुळे झालं असेल, तर ते नेते नसलेल्या वाघाडच्या इतर संस्था ढेपाळलेल्या दिसायला हव्यात. फक्त बाजारपेठेमुळे झालं असेल, तर तितक्याच जवळच्या दुसऱ्या कालव्यांवरही टेलला पाणी दिसायला हवं. यशोगाथेत हे प्रश्न कोणी विचारत नाही. केस स्टडीत ते विचारावेच लागतात.

मग एका केसवरून निष्कर्ष काढता येतो का?

काढता येतो, पण कोणता ते महत्त्वाचं. एका ओझरवरून 'पाणी वापर संस्था सगळीकडे यशस्वी होतात' असं म्हणता येत नाही. पण 'टेलला पाणी पोहोचवणं सरकारी यंत्रणेशिवाय कोणालाच जमणार नाही' हा समज खोडायला एक ओझर पुरतं. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबिया यांनी २००६ मधल्या एका गाजलेल्या लेखात हाच मुद्दा मांडला : नीट निवडलेली एक केसही मोठा समज खोटा पाडू शकते.

केस एकमेकींशेजारी ठेवल्या की आणखी पुढे जाता येतं. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन, फिलिपिन्स, स्वित्झर्लंड, जपान अशा ठिकाणच्या सामाईक पाणी, कुरणं आणि जंगलांच्या केस स्टडी तपासल्या. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये काही गोष्टी समान निघाल्या : वापरणारे कोण हे ठरलेलं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख आपलीच आणि दंड चुकीच्या प्रमाणात. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ओझरशेजारी ठेवायला दुसरी केस याच जिल्ह्यात आहे. बागलाणमध्ये मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्याखालच्या शेतीचे फड आणि पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी. काळ वेगळा, नदी वेगळी, पण नियम आणि देखरेख गावाच्याच हातात.

हद्द बदलली की गोष्ट बदलते

२००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. ओझरसारखे प्रयोग राज्यासमोर होतेच. त्यानंतर राज्यभर पाणी वापर संस्था नोंदल्या गेल्या, पण अनेक ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या. कुठे कालव्याची दुरुस्ती झाली नाही, कुठे पाणी मोजायची सोय नव्हती. ओझरला आधी माणसं एकत्र आली आणि मग संस्था झाली. इतरत्र हा क्रम उलटा झाला. 'काय केलं' याची नक्कल झाली, 'का जमलं' हे मागे राहिलं. याची किंमत टेलच्या शेतकऱ्याने मोजली.

दुसरी गोष्ट हद्दीची. वाघाडपुरतं पाहिलं तर ओझर म्हणजे न्याय्य पाणीवाटप. पण वाघाड गोदावरीच्या खोऱ्यात येतं आणि याच खोऱ्यात खाली पैठणला जायकवाडी आहे. हद्द तिथपर्यंत वाढवली की नाशिक-मराठवाडा पाणीवाद समोर येतो आणि ओझरच टेलऐवजी 'वरचं गाव' ठरतं. यातलं कोणतंच चित्र खोटं नाही. म्हणूनच केस स्टडी वाचताना हद्द कुठे आखली आहे, हे आधी पाहायचं असतं.

पुढच्या वेळी पोस्ट आली की...

चार प्रश्न विचारून पाहावेत. हीच केस का निवडली? माहिती फक्त पदाधिकाऱ्यांची आहे की शेवटच्या माणसाचीही? यशाची दुसरी कारणं तपासली का? आणि आपल्या गावात त्यातली कोणती परिस्थिती आहे, कोणती नाही?

या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर एका गावाची गोष्टही खूप काही शिकवते. नाही मिळाली, तर ती छान गोष्ट आहे एवढंच. तिच्या भरवशावर कालवा खणायला घेऊ नये.