शेतीकामासाठी बॅटरीवरील इम्पॅक्ट रेंच : निवड आणि निगा

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज शेतीत, ट्रॅक्टर व्यवसायात आणि अवजारांच्या दुरुस्तीत आहेत. ज्या पालकांकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्यांचीही मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते. या सर्वांच्या परिचयाचे एक कष्टाचे काम म्हणजे गंजलेला नट सोडविणे. सहा फुटी रोटाव्हेटरला साधारणपणे ४२ पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. पाती बदलायची म्हटली की ८४ नट सोडवायचे व तेवढेच पुन्हा आवळायचे. पान्याला पाइप लावून त्यावर अंगाचा भार टाकणे ही आपल्याकडील रूढ रीत आहे. पाना निसटला की बोटे पात्यावर आपटतात, कधी माणूसच कोसळतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘गन’ म्हणतात तो बॅटरीवरील इम्पॅक्ट रेंच हा त्रास टाळू शकतो. परंतु तो कष्टाच्या पैशाने घ्यायचा असल्याने जाहिरातीतील आकड्यांपलीकडे पाहणे आवश्यक आहे.

यंत्राचे तत्त्व

या यंत्रात लोहाराच्या भात्यावरील दोन वस्तू आहेत : हातोडा आणि ऐरण. मोटर एका जड हातोड्याला फिरविते. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबून मागे सरतो, सुटतो आणि ऐरणीच्या कडेवर आघात करतो. ऐरणीच्या चौकोनी टोकावर सॉकेट बसविलेले असते. असे आघात मिनिटाला दोन-तीन हजार होतात. प्रत्येक आघात क्षणमात्र असल्याने नटावर मोठे बळ येते, पण धरणाऱ्याच्या मनगटाला त्या प्रमाणात पीळ बसत नाही. म्हणूनच अंगात फार ताकद नसलेली व्यक्तीही हे काम करू शकते.

बळ किती हवे?

पीळ देणारे बळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पाइपच्या टोकावर ५० किलो भार टाकला तर सुमारे ४९० न्यूटन-मीटर बळ मिळते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल, तर आवळताना १२ मि.मी. बोल्टला सुमारे ८०, १६ मि.मी. बोल्टला सुमारे २०० आणि २० मि.मी. बोल्टला सुमारे ४०० न्यूटन-मीटर लागतात. गंज चढलेला तोच नट सोडविण्यास याहून बरेच अधिक बळ लागते.

यावरून निवड सोपी होते. रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, नांगर आणि ट्रॅक्टरची चाके यांसाठी अर्धा इंची चौकोनी टोकाचा, नट सोडविण्याचे बळ ६०० ते १००० न्यूटन-मीटर असलेला रेंच पुरेसा ठरतो. पाऊण इंची रेंच वजनाने जड व किमतीने महाग असतो. मोठ्या ट्रॉल्या व अवजड यंत्रांची नित्य दुरुस्ती करणाऱ्यानेच तो घ्यावा. काही विक्रेते नट सोडविण्याचे बळ मोठ्या अक्षरांत छापतात आणि आवळण्याचे, जे त्याहून कमी असते, लपवितात. खरेदीपूर्वी दोन्ही आकडे विचारावेत.

व्होल्टचा भुलावा

अलीकडे ‘९८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असे शिक्के असलेली स्वस्त यंत्रे बाजारात दिसतात. हा व्होल्टचा आकडा नव्हे. लिथियम-आयन बॅटरीतील एका सेलचा सरासरी दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो व पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. चार्ज झाल्यावर २१. म्हणून ‘१८ व्होल्ट’ आणि ‘कमाल २० व्होल्ट’ ही एकाच प्रकारच्या बॅटरीची दोन नावे आहेत. शंका आल्यास चार्जरवरील आउटपुटचा आकडा वाचावा. तेथे २१ व्होल्ट असेल, तर शिक्का काहीही सांगो, बॅटरी पाच सेलांचीच.

बॅटरीतील साठा काढण्यासाठी व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर. जड कामासाठी याहून लहान बॅटरी घेऊ नये. ती लवकर संपते व लवकर तापते.

टिकाऊपणाच्या खुणा

ब्रशलेस मोटरमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसतात. धुळीच्या कामात ती अधिक टिकते. हातोड्याचे कवच धातूचे असावे. दुरुस्ती केंद्र तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी आहे काय आणि तीच बॅटरी चार-पाच वर्षांनी मिळेल काय, हे दोन प्रश्न किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत. बॅटरी मिळेनाशी झाली की उत्तम यंत्रही अडगळीत जाते.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. कामानंतर थंड झाल्यावरच चार्ज करावी. शेतातील विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर चार्जिंग घरी करावे. काम नसलेल्या हंगामात अर्धी चार्ज करून, खतांच्या पोत्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी.

वापरातील शिस्त

हातपान्याचे चकचकीत सॉकेट या यंत्रावर लावू नये. आघाताने ते फुटून तुकडे उडतात. त्यासाठी जाड, काळे इम्पॅक्ट सॉकेट वेगळे मिळते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच, कारण आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो.

हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कधीही हात घालू नये. इंजिन बंद करून चावी काढावी, पीटीओ सोडवावा, अवजाराखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत आणि मगच नटाला यंत्र लावावे.

सर्वांत मोठी चूक आवळताना होते. नट प्रथम हाताने दोन-तीन आटे फिरवावा, यंत्राने बेताने बसवावा आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतका द्यावा. यंत्राने अतिरेकी आवळलेला बोल्ट ताणला जातो व पुढे भाराखाली तुटतो. सैल राहिलेला नट चाक मोकळे करतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यावर निखळले तर त्याची किंमत अनेकदा जिवाने चुकवावी लागते. चाक बसविल्यावर काही तास काम झाले की नट पुन्हा तपासावेत.

एकत्रित खरेदी

लहान शेतकऱ्याला असे यंत्र वर्षातून मोजकेच दिवस लागते. त्यामुळे चार-पाच कुटुंबांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगला रेंच, दोन बॅटऱ्या, इम्पॅक्ट सॉकेटचा संच आणि एक टॉर्क रेंच घेणे हिताचे. वापराची वही ठेवावी व यंत्राची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी. गावात परतलेल्या आपल्या तंत्रशिक्षित माजी विद्यार्थ्यांनी ही जबाबदारी स्वीकारली, तर शिक्षणाचा लाभ गावालाही होईल आणि शेतात राबणारे हात सुरक्षित राहतील.