तेलाची झारी लुकलुकते तेव्हा

ग्योटिंगेनच्या माझ्या मामेभावाकडे १९८७ सालची फोक्सवॅगन टी-३ आहे. जर्मन माणूस या गाडीला लाडाने ‘बुली’ म्हणतो. वयाची तिशी ओलांडल्यामुळे तिच्या नंबराला ‘एच’ हे अक्षर जोडलंय, म्हणजे कागदोपत्री ती ऐतिहासिक वाहन ठरली आहे. गेली वीस वर्षं मी जुन्या इंजिनांच्या नादात आहे, पण या गाडीच्या ऑइल प्रेशरच्या दिव्याइतकं काहीच मला आवडलेलं नाही.

थोडा इतिहास. १९४७ मध्ये बेन पॉन या डच व्यापाऱ्याने वहीत एका डबागाडीचं चित्र काढलं आणि १९५० मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. १९५६ पासून हॅनोव्हरचा कारखाना तिचं घर झाला. १९७९ मध्ये टी-३ आली, आणि पुढे तिच्या मागच्या बाजूला पाण्याने थंड होणारं बॉक्सर इंजिन बसलं.

आता दिव्याकडे वळू. साध्या जुन्या गाडीत एकच स्विच असतो. प्रेशर अगदी संपलं की दिवा लागतो, पण तोवर बेअरिंग गेलेलं असू शकतं. या गाडीत दोन स्विच आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट. पहिला ०.३ बारचा. इंजिन बंद असताना तो जोडलेला असतो आणि प्रेशर आलं की सुटतो. दुसरा ०.९ बारचा. तो एरवी सुटलेला असतो आणि प्रेशर चढल्यावर जोडला जातो. मीटरमागची छोटी सर्किट पाटी इग्निशन कॉइलवरून इंजिनाचे फेरे मोजते. फेरे दोन हजारांच्या वर गेले आणि दुसरा स्विच जोडलेला दिसला नाही, की मीटरमधला तेलाच्या झारीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो आणि बझर ओरडतो. म्हणजे इंजिन निवांत असताना किती प्रेशर पुरेल आणि धावताना किती हवं, हे ही गाडी वेगवेगळं तपासते. मला ही रचना फार सुंदर वाटते.

मुळात पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं. इंजिनात तो अंगठा म्हणजे बेअरिंगमधली बारीक फट. बेअरिंग झिजलं की फट वाढते, तेल तापून पातळ झालं की ते सहज निसटतं, आणि दोन्ही वेळा प्रेशर उतरतं.

जुलैतल्या एका दुपारी ए-७ वर कासेलकडे जाताना, वेरा नदीचा पूल ओलांडल्यावरच्या चढावर बझर वाजला. “दादा, बंद करू?” भावाने विचारलं. “आत्ताच,” मी म्हणालो. गाडी कडेला घेतली, जॅकेटं चढवली, त्रिकोण मागे नेऊन ठेवला. टी-३ ची डिपस्टिक मागच्या नंबरप्लेटआड असते; प्लेट खाली पाडायची की दिसते. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. गाडी ओढून एका गॅरेजात नेली. तिथल्या फिटरने आवाज ऐकूनच निदान केलं : बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल.

मोजल्याशिवाय इंजिन खोलणं मला पटत नाही. गाडी घरी आणली. इंजिनाच्या पोटाखालचा ०.३ चा स्विच काढून त्या भोकात गेज बसवला आणि तेल ८० अंशांपर्यंत तापू दिलं. दोन हजार फेऱ्यांना किमान २ बार हवेत. काटा ३ च्या जवळ स्थिर उभा होता. इंजिन निरोगी होतं!

मग दिवा का लागला? क्रँकच्या पुलीजवळ ०.९ चा स्विच आहे. त्याची वायर काढून मी इंजिनाच्या धातूला टेकवली आणि भावाला रेस द्यायला सांगितलं. स्विच बिघडला असता तर दिवा थांबला असता. तो थांबला नाही. म्हणजे दोष वायरीत किंवा पाटीत. बोटांनी वायर चाचपत गेलो तेव्हा तिच्या टोकाच्या थिंबलपासून दोन बोटांवर ती लुळी लागली. वरचं आवरण शाबूत होतं, आत तांब्याची हिरवी पूड झाली होती. इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून ती खलास झाली होती.

हातभर नवी वायर आणि एक थिंबल, एवढ्यात काम झालं. पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम त्याच चढावर गेलो. भावाने रेडिओ लावला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, गरम इंजिनावर बुली वर चढत होती आणि मीटरमधली झारी विझलेलीच होती.