चक्कर कानातली, पट्टा मानेला

पहाटे अंथरुणात कूस बदलली आणि डोक्यावरचं आढं गरगर फिरायला लागलं. परळी वैजनाथच्या बाजूला बायाबापड्या ही तक्रार अशीच सांगतात: "आडवं झालं की घर फिरायलंय." घरातलं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं. बीपी लो झालं, पित्त खवळलं, अशक्तपणा आला. मग सलाईन लागतं. बाटली संपेपर्यंत माणूस तासभर डोकं न हलवता पडून राहतो, त्याला बरं वाटतं आणि श्रेय सलाईनला जातं. रात्री पुन्हा कूस बदलली की घर पुन्हा फिरतं.

बीपी उतरलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही बहुधा उठून उभं राहताना. झोपलेला माणूस नुसता कुशीवर वळला तर बीपी उतरत नाही. कुशीवर वळताना, आडवं होताना, वाकताना किंवा माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना सगळं फिरतं आणि मिनिटभराच्या आत थांबतं, तेव्हा संशय आतल्या कानावर घ्यायला हवा. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. मराठीत स्थितिजन्य चक्कर.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका चिकट थरावर बसवलेले असतात. डोकं कुठे कललं, हे मेंदूला त्यांच्यामुळे कळतं. शेजारीच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळल्याची खबर देतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्याने आणि पुष्कळदा काहीच कारण न सापडता काही कण सुटतात व नलिकेत शिरतात. दहातल्या आठ-नऊ जणांत ते मागच्या नलिकेत जातात, कारण ती सगळ्यात खाली असते. मग डोकं थांबलं तरी कण खाली सरकत राहतात, द्रव ढकलतात, आणि डोकं अजून फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. कण तळाशी टेकले की चक्कर थांबते. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, हे जास्त दिसतं.

सगळ्यात चिवट गैरसमज मानेचा आहे. "मणक्यात गॅप आलाय, त्यानेच चक्कर येते," हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येतं की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. वर बघताना मान वळते, म्हणून आळ मानेवर येतो, पण मानेबरोबर डोकंही वळलेलं असतं. मान सरळ ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवलं तरी ही चक्कर येते, मग मानेचा दोष कसा? पट्टा बांधला की डोकं कमी हलतं, त्यामुळे चक्कर कमी झाल्यासारखी वाटते. कण जिथल्या तिथे राहतात आणि मान मात्र आखडत जाते.

गोळ्यांचंही तेच. चक्कर आणि मळमळ दाबणारी औषधं दोन-चार दिवस आधार देतात, पण कण जागेवर नेत नाहीत. महिनोन्महिने घेतली तर उलट सुस्ती येते आणि म्हाताऱ्या माणसांचा पडण्याचा धोका वाढतो. या आजारात त्या गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहिली जाते, हे मला बरोबर वाटत नाही.

निदानाला बहुतेकदा स्कॅन लागत नाही, एक खाट पुरते. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेली तपासणी आजही तीच आहे. रुग्णाला बसवून डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं, मग झटकन उताणं झोपवून डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवायचं. डोळे उघडेच. दोन-चार सेकंद काही होत नाही. मग बुबुळं झटके देत खालच्या कानाकडे गोल फिरू लागतात आणि मिनिटभरात आपोआप शांत होतात. बाधित कान कोणता, ते तिथेच कळतं.

उपचार याच स्थितीतून पुढे जातो. डोकं ९० अंश दुसऱ्या बाजूला, मग अंगासकट आणखी ९० अंश, नाक जमिनीकडे, आणि शेवटी उठून बसणं. प्रत्येक टप्प्यावर अर्धं ते एक मिनिट थांबायचं, म्हणजे कण नलिकेतून घरंगळत मूळ जागी परततात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये हे दाखवलं, तेव्हा बरोबरीच्या डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही. त्यांचा लेख १९९२ मध्ये छापून आला. आज हा जगभरचा पहिला उपचार आहे. दहातल्या साधारण आठ जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. ही हालचाल फिजिओथेरपिस्टही करून देतात; फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याचे शेक, असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण मोबाइलवर व्हिडिओ बघून हा प्रयोग घरी करू नये. बाजू चुकली, नलिका वेगळी निघाली तर उपयोग होत नाही. मानेचं ऑपरेशन, मोठी दुखापत किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर आधी सांगावं. आणि चक्कर तासन्‌तास थांबतच नसेल, बोलणं जड झालं, दोन-दोन दिसू लागलं, तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली किंवा चालताच येईना, तर ते मेंदूचं लक्षण असू शकतं. फिजिओथेरपिस्टची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

चक्कर बरी झाल्यावर पडून राहण्याची गरज नसते. तरी भीतीपोटी कुणी परळीच्या वैद्यनाथ मंदिराच्या पायऱ्या चढणं सोडतं, कुणी पिंडीवर वाकणं. न हललेल्या माणसाचा तोल आणखी ढळतो. हा आजार काही वर्षांनी उलटू शकतो, तेव्हा तीच हालचाल पुन्हा करता येते. कोरियात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर चक्कर परतण्याचं प्रमाण घटलं. म्हणून ती रक्ततपासणी विचारून करून घ्यावी.

परळीहून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे. जाताना तीन गोष्टी लिहून न्या: कोणत्या हालचालीने चक्कर येते, किती सेकंद टिकते, कोणत्या कुशीवर जास्त. आणि पट्टा किंवा गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, "झोपवून माझे डोळे तपासता का?"