पाण्याच्या काठी वाढणाऱ्या मुलांसाठी : चोपडे परिसराला सार्वजनिक आच्छादित जलतरण तलाव का हवा?

पेडणे तालुक्यातील चोपडे हे शापोरा नदीच्या काठचे गाव. पलीकडे बार्देशातील शिवोली. पूल होण्यापूर्वी या दोन काठांमध्ये फेरीबोट हाच दुवा होता. गावाच्या एका बाजूला भरती-ओहोटीची नदी, थोड्या अंतरावर मोरजीचा किनारा, तर अंतर्भागात खाजने, मानशी, विहिरी आणि पावसाळ्यात तुडुंब भरणाऱ्या चिरेखाणी. अशा परिसरातील मुलाच्या आयुष्यात पाणी टाळता येत नाही. पोहणे शिकण्याची सुरक्षित सोय मात्र त्याच्या आवाक्यात नाही. सार्वजनिक आच्छादित जलतरण तलावाची मागणी म्हणूनच चैनीची ठरत नाही. तिचा संबंध मुलांच्या जिवाशी आहे.

पूर्वी कोकणपट्टीत मुले घरच्या माणसांच्या नजरेखाली शिकत. पाठीला दोन सुके नारळ बांधायचे आणि विहिरीत किंवा तळ्यात उतरायचे, ही रीत अनेक घरांत होती. आता विहिरींचा वापर घटला आहे, वडीलधारी मंडळी नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात आणि घरात शिकवणारे कोणी उरलेले नाही. किनारी पट्ट्यातील हॉटेलांत पोहण्याचे तलाव आहेत, पण ते पाहुण्यांसाठी. पणजीतील कांपालचा जलतरण तलाव दर्जेदार आहे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील जलतरणाच्या लढती तेथेच झाल्या. परंतु चोपड्याच्या शाळकरी मुलाने शापोरा आणि मांडवी या दोन्ही नद्या ओलांडून आठवड्यातून दोनदा कांपाल गाठावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

बुडून होणारे मृत्यू टाळता येतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतील जवळजवळ निम्मे तिशीच्या आतले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक जणांचा बुडून मृत्यू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्याचा जागतिक दिवस ठरवला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२३ मध्ये याविषयीचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला.

शालेय वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षिततेची कौशल्ये शिकवणे, हा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या प्रमुख उपायांपैकी एक आहे. बांगलादेशात ‘स्विमसेफ’ उपक्रमांतर्गत चार ते बारा वर्षांच्या मुलांना गावतळ्यांत बांबूचे मचाण उभारून आणि तात्पुरत्या तलावांत शिकवण्यात आले. तेथील पाहणीत, प्रशिक्षण घेतलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले.

जपानचे उदाहरण फेरीबोटीची आठवण असलेल्या गावाला अधिक जवळचे वाटेल. ११ मे १९५५ रोजी ‘शिउन मारू’ ही फेरीबोट धडकेनंतर बुडाली. मृत १६८ जणांपैकी १०० जण शालेय सहलीवर निघालेले विद्यार्थी होते. त्या धक्क्यानंतर जपानमध्ये शाळांमधून तलाव बांधण्याला आणि पोहणे अभ्यासक्रमाचा भाग करण्याला मोठी गती मिळाली.

गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र प्रत्येक नदीकाठी, प्रत्येक मानशीवर किंवा चिरेखाणीवर जीवरक्षक उभा करता येणार नाही. तेथे मुलाजवळ असते ते त्याचे स्वतःचे कौशल्य. श्वास आवरणे, तरंगत राहणे, काठाकडे वळणे आणि बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता त्याच्याकडे दोरी किंवा काठी टाकणे, एवढे जरी आले तरी अनेक घरांवरील आघात टळू शकतो.

तलाव आच्छादितच का?

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या तलावात या काळात पालापाचोळा आणि माती येते, पाणी गढूळ होते, औषधाचे प्रमाण बिघडते. विजा चमकू लागल्या की तलाव रिकामा करावा लागतो. उन्हाळ्यात नेमका उलटा त्रास. कडक उन्हात पाण्यातील क्लोरीन झपाट्याने नष्ट होते आणि बाष्पीभवन वाढते. छप्पर असेल तर वर्ग वर्षभर चालतात. आडोसा असल्यामुळे मुली आणि महिलाही अधिक मोकळेपणाने येऊ शकतात.

पूर्ण बंदिस्त इमारतीचे तोटेही आहेत. क्लोरीन आणि घाम यांच्या संयोगातून तयार होणारे वायू कोंडतात, डोळे आणि घसा चुरचुरतो, दमटपणाने लोखंड गंजते आणि हवा खेळती ठेवण्यासाठी विजेचा खर्च वाढतो. गोव्याच्या हवामानात पाणी तापवण्याची गरज नसते. त्यामुळे वर भक्कम छप्पर, बाजूंना जाळी व झडपा आणि वारा आरपार वाहू देणारी रचना येथे अधिक योग्य ठरेल.

पाण्याचा हिशेब

नळाला पाणी नाही आणि तलाव कशाला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागेल. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल तलावात सुमारे चार लाख लिटर पाणी मावते. हे पाणी रोज बदलायचे नसते. ते गाळणी यंत्रणेतून सतत फिरवले जाते. दिवसाला २०० जण पोहले आणि माणशी ३० लिटर ताजे पाणी घातले, तर रोज ६,००० लिटर लागतात. बाष्पीभवनाची भर त्याहून कमी असते. दुसरीकडे, ५०० चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर १५ लाख लिटर पाणी मिळते. गळती वजा जाता त्यातील १२ लाख लिटर हाती लागले, तरी ते तलावाच्या तिप्पट भरते. सारे साठवता आले नाही, तरी उरलेले जमिनीत मुरवता येते.

किती मुले शिकतील?

एका प्रशिक्षकामागे दहा मुले, एका वेळी तीन गट आणि दिवसाला पाच तासिका धरल्या, तर रोज १५० मुले पाण्यात उतरू शकतात. आठवड्याचे सहा दिवस आणि प्रत्येकाला दोन तासिका, या हिशेबाने एका वेळी ४५० मुलांना प्रवेश देता येतो. दहा आठवड्यांत प्रत्येकाच्या वीस तासिका होतात. म्हणजे वर्षाला चार तुकड्यांत १,८०० मुले. ही क्षमता एका गावाच्या गरजेहून कितीतरी मोठी आहे. साहजिकच तलाव आगरवाडा-चोपडे पंचायतीपुरता न ठेवता मोरजी, मांद्रे, पार्से, तुये यांसारख्या शेजारच्या गावांनाही सामावून घेणारा असावा. मुलांच्या तासिकांखेरीजच्या वेळेत ज्येष्ठांना त्याचा लाभ होईल. कंबरभर पाण्यात सांध्यांवरील भार सुमारे निम्म्याने हलका होतो आणि गुडघेदुखीच्या रुग्णांना व्यायाम सोसतो.

अर्थसंकल्पात जागा कुठे?

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. त्यांत ‘क्रीडा’ असा स्वतंत्र विषय नाही. तो राज्य सूचीत येतो. परंतु शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास आणि सामुदायिक मालमत्तांची देखभाल हे विषय त्या अनुसूचीत आहेत. तलावाची मागणी केवळ खेळाची म्हणून मांडली तर पंचायत ती सरकारकडे बोट दाखवून बाजूला ठेवू शकते. मुलांच्या सुरक्षिततेची म्हणून मांडली, तर तिचा पंचायतीच्या कर्तव्यांशी थेट संबंध जोडता येतो.

पैशाचे दोन भाग वेगळे ठेवायला हवेत. बांधकाम हा भांडवली खर्च. तो एकट्या पंचायतीला पेलणार नाही, त्यासाठी राज्य सरकार, जिल्हा पंचायत आणि केंद्राच्या क्रीडा योजनांकडे जावे लागेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होती. उरलेल्या ४० टक्क्यांनाही वेतन व आस्थापना खर्चासाठी मनाई होती. म्हणजेच प्रशिक्षक आणि जीवरक्षकांचे वेतन अशा अनुदानातून भागवता येत नाही.

वीज, क्लोरीन, गाळणीची दुरुस्ती, वेतन हा महसुली खर्च दरवर्षी येतो आणि सार्वजनिक तलाव बंद पडतात ते बहुधा येथेच. उद्घाटनाला पैसा असतो, तिसऱ्या वर्षी पंप बिघडला की नसतो. म्हणून बांधकामाच्या मंजुरीबरोबरच देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष, शाळकरी मुलांना मोफत तासिका आणि इतरांसाठी परवडणारे शुल्क, यांचा लेखी आराखडा हवा.

जागेचा प्रश्नही आधी सोडवावा लागेल. भरतीचे पाणी पोचणारा नदीकाठ सीआरझेडच्या निर्बंधांखाली येतो आणि खाजन जमिनींना संरक्षण आहे. तलावासाठी खाजन बुजवणे कायद्याला आणि गावाच्या हितालाही धरून होणार नाही. उंचावरील, रस्त्याला लागून असलेली आणि शाळांच्या बसना सोयीची जागा शोधणे हेच श्रेयस्कर.

पहिले पाऊल ग्रामसभेत

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार ग्रामसभा हे ग्रामस्थांचे हक्काचे व्यासपीठ आहे. अर्थसंकल्प १ एप्रिलपासून लागू होतो, त्यामुळे ठराव त्याच्या काही महिने आधी यायला हवा. पहिल्या वर्षी कोट्यवधींची मागणी करण्याची गरज नाही. जागेची पाहणी, पाण्याच्या स्रोताची तपासणी, शाळांतील विद्यार्थिसंख्येची नोंद आणि प्रकल्प अहवाल यांसाठीची छोटी तरतूद पुरेशी आहे. शेजारच्या पंचायतींनीही तोच ठराव केला, तर आमदार, जिल्हा पंचायत सदस्य आणि क्रीडा खात्यापुढे मागणी एकमुखाने जाईल.

तलाव उभा राहीपर्यंत काही वर्षे जातील आणि तोवर मुले थांबणार नाहीत. शाळांमधून पाण्याच्या सुरक्षिततेचे वर्ग, चिरेखाणींभोवती कुंपण, धोक्याच्या जागी दोरी व तरंगते कडे, आणि तात्पुरत्या तलावात प्रशिक्षण या गोष्टी कमी खर्चात, याच वर्षी सुरू करता येतील. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर या दोन्ही मागण्या एकत्र याव्यात. त्या मांडायला एका ग्रामस्थाचा अर्जही पुरतो.